जुन्या लेन्स, नवा कॅमेरा : वाचकांचे प्रश्न

फिल्मच्या काळातल्या लेन्स आजच्या डिजिटल कॅमेऱ्यावर लावण्याविषयी नागपूर आणि आसपासच्या वाचकांकडून बरेच प्रश्न आले. या वेळचं सदर त्यांनाच दिलं आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. पहिलं उत्तर लांबलं आहे, कारण निम्म्या प्रश्नांचं मूळ तिथेच आहे. तुमचा प्रश्न पुढचा असला तरी ते आधी वाचा.

प्रश्न : जुन्या झेनिट कॅमेऱ्यावरची हेलिऑस ४४-२ (५८ मिमी, एफ/२) लेन्स मिळाली. निकॉन डी५६००साठी आट्यांचा ॲडॅप्टर (मधली जोडकडी) मागवला. जवळचे फोटो छान येतात, पण तीन मीटरच्या पलीकडचं काहीच फोकस होत नाही. लेन्स बिघडली आहे की ॲडॅप्टर?
— धंतोली, नागपूर

उत्तर : दोन्ही धड आहेत, पण ती लेन्स आणि तो कॅमेरा यांची जोडी जुळत नाही. कॅमेऱ्याच्या ज्या धातूच्या कड्यावर लेन्स टेकते, तिथपासून फिल्मपर्यंत (आता सेन्सरपर्यंत) प्रत्येक कंपनीने एक ठरावीक अंतर ठेवलेलं असतं. लेन्स त्याच अंतरासाठी घडवलेली असते. तुमची हेलिऑस एम४२ या आट्यांच्या माउंटची (लेन्स बसवायच्या जोडाची) आहे. त्या माउंटचा व्यास ४२ मिमी, आट्यांमधलं अंतर १ मिमी आणि सेन्सरपासूनचं अंतर ४५.४६ मिमी. निकॉनच्या एफ माउंटचं अंतर ४६.५ मिमी आहे. म्हणजे ॲडॅप्टर कितीही पातळ केला तरी लेन्स सेन्सरपासून १.०४ मिमी जास्त लांब राहते. पुढे ढकललेली लेन्स जवळचं पाहते आणि दूरचं तिला दिसेनासं होतं.

हद्द किती ते काढता येतं. फोकल लांबीचा (लेन्सवर मिमीत छापलेल्या आकड्याचा) वर्ग करा आणि जास्तीच्या अंतराने भागा. ५८ गुणिले ५८ म्हणजे ३३६४, भागिले १.०४, म्हणजे साधारण ३२३५ मिमी. सव्वातीन मीटरला तुमचा फोकस संपतो तो यामुळे. ॲडॅप्टरची कडा जाड असेल तर त्याहून अलीकडे संपेल. हेच गणित १३५ मिमीच्या लेन्सला लावलं तर हद्द साडेसतरा मीटरवर जाते, आणि २८ मिमीची वाइड लेन्स पाऊण मीटरवरच थांबते. म्हणून निकॉन डीएसएलआरवर (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यावर) आट्यांची वाइड लेन्स लावण्यात काहीच अर्थ नाही. ५८ मिमीवर मात्र माणसांचे जवळचे फोटो आरामात निघतात.

मधोमध काच असलेला ॲडॅप्टर मिळतो. त्याने दूरचा फोकस मिळतो, पण ती काच हलक्या प्रतीच्या टेलिकन्व्हर्टरसारखी (दृश्य जवळ आणणाऱ्या जोडभिंगासारखी) वागते. एफ/२वर चित्र धुरकट होतं आणि उजेडाच्या दिशेने फोटो काढला की चकाकी येते. ज्या गुणासाठी हेलिऑस लावायची तोच त्या काचेत हरवतो. आमचा सल्ला : तो घेऊ नका. डी५६००वर ही लेन्स पोर्ट्रेटसाठी ठेवा. त्या कॅमेऱ्यात अशा लेन्सवर एक्स्पोजर मोजलं जात नाही. डायल एमवर ठेवा, एक फोटो काढून हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघा आणि शटर स्पीड जुळवा. फोकससाठी व्ह्यूफाइंडरमधला हिरवा ठिपका एफ/५.६ किंवा त्याहून उघड्या ॲपर्चरवर (लेन्सच्या छिद्रावर) काम देतो.

आता इतर अंतरं, मिमीमध्ये. जपून ठेवा. लायका आणि फेड-झॉर्कीची एम३९ आटे : २८.८. कोनिका एआर : ४०.५. कॅनन एफडी : ४२. मिनोल्टा एसआर आणि एमडी : ४३.५. कॅनन ईएफ : ४४. पेंटॅक्स के : ४५.४६. काँटॅक्स-यशिका : ४५.५. ऑलिंपस ओएम : ४६. निकॉन एफ : ४६.५. लेन्सचं अंतर कॅमेऱ्याच्या अंतरापेक्षा जास्त असेल तरच दूरचा फोकस मिळतो, आणि जितका फरक तितकी ॲडॅप्टरची जाडी. कॅनन ईएफ डीएसएलआरवर एम४२ लेन्स चालते, कारण १.४६ मिमी शिल्लक राहतात. फक्त फुल फ्रेम (फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरच्या) डीएसएलआरवर काही लेन्सची मागची काच आरशाला घासू शकते. इन्फिनिटीवर (सर्वांत दूरवर) फोकस ठेवून, आरसा वर घेऊन पहिली चाचणी सावकाश करा. कॅनन एफडीची लेन्स मात्र कॅननच्याच ईएफ कॅमेऱ्यावर साध्या ॲडॅप्टरने चालत नाही, कारण ४२ हे ४४पेक्षा कमी. कंपनी एकच आहे म्हणून बसेल असं समजून बरेच जण इथे पैसे घालवतात.

प्रश्न : मग जुन्या लेन्ससाठी कॅमेरा घ्यायचा तर कोणता? आणि ॲडॅप्टर चांगला की वाईट हे कसं ओळखायचं?
— महाल, नागपूर, आणि काटोलहून दोन वाचक

उत्तर : मिररलेस. आरसा नसल्यामुळे अंतर फार कमी असतं : निकॉन झेड १६ मिमी, फुजी एक्स १७.७, सोनी ई १८, मायक्रो फोर थर्ड्स १९.२५, कॅनन आरएफ २०. वर दिलेली प्रत्येक लेन्स यांपैकी कशावरही इन्फिनिटीपर्यंत फोकस होते, मध्ये काच लागत नाही. कंपनीपेक्षा सेन्सरचा आकार महत्त्वाचा. फुल फ्रेमवर ५८ मिमी ही ५८च राहते. सोनी, फुजी, निकॉनच्या एपीएस-सीवर (त्याहून छोट्या सेन्सरवर) ती ८७ मिमीसारखं दृश्य देते, मायक्रो फोर थर्ड्सवर ११६सारखं. हेलिऑसच्या पार्श्वभूमीतलं गरगरणं (मागचं धूसर दृश्य गोल फिरल्यासारखं दिसणं) कडांना असतं. छोट्या सेन्सरवर त्या कडा कापल्या जातात आणि मग ती बरीचशी साध्या लेन्ससारखी दिसते. त्या गरगरण्यासाठीच लेन्स घेत असाल तर जुना फुल फ्रेम कॅमेरा नव्या एपीएस-सीपेक्षा बरा.

ॲडॅप्टर म्हणजे मोकळी नळी, तिच्यात बघण्यासारख्या चारच गोष्टी. व्हर्निअर कॅलिपर असेल तर जाडी मोजा. एम४२ ते सोनीसाठी ४५.४६ वजा १८, म्हणजे २७.४६ मिमी हवी. बहुतेक कंपन्या मुद्दाम थोडी कमी ठेवतात, म्हणजे इन्फिनिटी नक्की मिळते. जाडी २७.५च्या वर असेल तर परत करा. दुसरं, लेन्स लावून हलकेच पिळून बघा. खडखड होत असेल तर लेन्स तिरकी बसते आणि चित्राची एक बाजू मऊ येते. तिसरं, आतली बाजू मोबाइलच्या टॉर्चने बघा. काळा रंग चकाकत असेल तर चित्रावर पांढुरका पडदा येईल. मखमली काळा कागद आत चिकटवला की तो जातो, फक्त कागदाची कड लेन्सच्या मागच्या काचेला किंवा पिनेला लागू देऊ नका. चौथं फक्त आट्यांच्या लेन्ससाठी : ॲडॅप्टरच्या आत पिन दाबून धरणारी कडी आहे का? ऑटो ॲपर्चरच्या लेन्सला मागे एक पिन असते. ती दाबली गेली नाही तर ॲपर्चर रिंग फिरवली तरी पाती बंद होत नाहीत. लेन्सवर ए-एम असा खटका असेल तर तो एमवर ठेवा, मग पिनेची काळजी नाही. हेलिऑस ४४-२ला पिनच नाही. तिला दोन रिंगा आहेत, एक आकडा ठरवणारी आणि एक पाती उघड-बंद करणारी.

ॲडॅप्टर आला की रात्री चाचणी घ्या. फुटाळा तलावाच्या पलीकडच्या काठावरचे दिवे किंवा आकाशातला एखादा ठळक तारा घ्या, लेन्स पूर्ण उघडी ठेवा, चित्र मोठं करून फोकस रिंग फिरवा. रिंग शेवटाला टेकण्याच्या थोडं आधी तारा टाचणीसारखा बारीक होऊन पुढे पुन्हा पसरत असेल तर ॲडॅप्टर बरोबर आहे. शेवटपर्यंत बारीक होतच नसेल तर तो जाड आहे.

प्रश्न : सोनीवर लेन्स लावली तर शटरच दबत नाही. दबलं तरी फोटो हललेले येतात. बॉडीत तर स्टॅबिलायझेशन आहे!
— नंदनवन, नागपूर

उत्तर : कॅमेऱ्याला लेन्स दिसत नाही, कारण ॲडॅप्टरमधून वीज किंवा माहिती जात नाही. मेनूमध्ये 'रिलीज विदाउट लेन्स' चालू करा. फुजीत 'शूट विदाउट लेन्स' आणि कॅननमध्ये 'रिलीज शटर विदाउट लेन्स' शोधा.

हलण्याचं कारण दुसरं आहे. स्टॅबिलायझेशन किती भरपाई करायची ते फोकल लांबीवरून ठरवतं, आणि ती त्याला कळलेली नाही. मेनूत स्टेडीशॉट (सोनीचं स्टॅबिलायझेशन) सेटिंग मॅन्युअल करून फोकल लांबी स्वतः भरा. निकॉन झेडमध्ये ती 'नॉन-सीपीयू लेन्स डेटा'मध्ये भरायची. लेन्सवर छापलेलाच आकडा द्या. ५८ची लेन्स असेल तर ५८, ८७ नाही. क्रॉपचा हिशेब कॅमेरा स्वतः धरतो. लेन्स बदलली की आकडा बदला. १३५चा आकडा ठेवून २८ची लेन्स लावली तर कॅमेरा नको तितकी भरपाई करतो आणि तिपाईवर ठेवलेला फोटोही हललेला येतो.

रोजच्या वापराचा क्रम असा ठेवा : ए मोड (ॲपर्चर तुम्ही ठरवता, शटर कॅमेरा), ऑटो आयएसओ, किमान शटर स्पीड १/१२५. ॲपर्चर पूर्ण उघडून, चित्र मोठं करून फोकस करा, मग हवं तिथे बंद करा. काही लेन्सचा फोकस एफ/२वरून एफ/४वर येताना किंचित सरकतो. जवळच्या विषयाला एफ/४वरच पुन्हा एकदा तपासा. फोकस पीकिंगचे (फोकसमधला भाग दाखवणारे) रंगीत ठिपके एफ/८वर जवळपास सगळीकडे चमकतात, तेव्हा त्यांच्यावर विसंबू नका.

प्रश्न : माझ्याकडे निकॉनच्या जुन्या निक्कॉर लेन्स आहेत. डी७२००वर थेट बसतील ना? माउंट तर तोच आहे.
— कामठी

उत्तर : थांबा, आधी लेन्स बघा. १९७७ साली निकॉनने एआय पद्धत आणली. त्याआधीच्या लेन्सच्या ॲपर्चर रिंगची मागची कडा सपाट, सलग असते. डी७२००च्या माउंटच्या कडेला एक छोटा खटका आहे, तो या कडेखाली दाबला जाऊन मोडतो. डी७०००, डी७१००, डी७५०, डी८५० यांनाही हाच धोका. लेन्स एआय आहे का हे ओळखायचं तर ॲपर्चरच्या आकड्यांची दुसरी, बारीक ओळ माउंटला लागून आहे का ते पाहा. असेल तर निर्धास्त लावा. मग नॉन-सीपीयू लेन्स डेटामध्ये फोकल लांबी आणि सर्वांत मोठं ॲपर्चर भरलं की एक्स्पोजरही मोजलं जाईल. दुसरी ओळ नसेल तर ती लेन्स डी३५०० किंवा डी५६००वर चालते, कारण तिथे तो खटकाच नाही, मात्र एक्स्पोजर हाताने ठरवावं लागतं. मिररलेसवर साध्या, विजेच्या जोडणीशिवायच्या ॲडॅप्टरने दोन्ही प्रकार चालतात.

प्रश्न : मामाजींच्या कपाटातून दोन लेन्स निघाल्या, यशिकाची ५० मिमी आणि एक १३५ मिमी. दोन्हींत कोळिष्टकासारखं काहीतरी दिसतं. आमच्याकडे पावसाळ्यात कपाट उघडतही नाही, मग बुरशी आली कुठून? आणि ती काढता येईल का?
— मानेवाडा, नागपूर

उत्तर : पावसाळा अर्धं कारण आहे. अर्धं कारण कूलर. मार्च ते जून नागपूरची हवा कोरडी असते, पण खिडक्या लावून कूलर चालवला की खोलीतली हवा पावसाळ्यासारखी दमट होते, आणि तीही महिनोन्‌महिने. कूलरच्या खोलीतलं कपाट, त्यात चामड्याची केस, केसमध्ये लेन्स : बुरशीला याहून सोयीचं काही नाही. चामडं ओल धरून ठेवतं. लेन्स त्या केसमधून आजच बाहेर काढा. केस आठवण म्हणून ठेवायची असेल तर वेगळी ठेवा.

आधी नेमकं काय आहे ते बघा. ॲपर्चर पूर्ण उघडा, मागून टॉर्च धरा आणि समोरून तिरकं पाहा. फांद्या फुटलेले बारीक धागे म्हणजे बुरशी. एकसारखा दुधी पडदा म्हणजे वंगणाची वाफ काचेवर बसलेली. ती पुसली की बहुधा जाते. कडेला इंद्रधनुषी रंगाचा चकाकणारा डाग असेल तर दोन काचांमधला चिकट थर सुटला आहे. त्याला घरी उपाय नाही. सुटे धूळकण कितीही दिसले तरी फोटोवर काही फरक पडत नाही. त्यांच्यासाठी लेन्स उघडू नका.

बुरशी बाहेरच्या काचेवर असेल तर काम सोपं आहे. आतल्या काचांपर्यंत जायचं तर तीन वस्तू लागतात : दोन खाचांत बसणारं लेन्स स्पॅनर, समोरची नावाची रिंग उलगडायला रबरी बूच, आणि जपानी जेआयएस पद्धतीचे स्क्रू-ड्रायव्हर. साध्या फुलीच्या ड्रायव्हरने जपानी स्क्रूंची डोकी खराब होतात आणि मग ते कुणालाच निघत नाहीत. प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो काढा. काच काढताना तिच्या कडेला पेन्सिलने पुढच्या बाजूची खूण करा. काच उलटी बसली तर लेन्स वरून धड दिसते, पण कुठेच नीट फोकस होत नाही. फोकसच्या आट्यांची जोडी सुटी करू नका. ते आटे अनेक जागांहून सुरू होतात, आणि चुकीच्या जागी जुळले तर इन्फिनिटी जाते.

पुसण्यासाठी आधी ब्लोअर, मग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारा लेन्स टिश्यू. मधून बाहेरच्या दिशेने, गोल, एकदाच. दर वेळी नवा टिश्यू. यानेही धागे राहिले तर औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड पातळ करून ३ टक्के करा, टिश्यू त्यात भिजवून काचेवर पाच मिनिटं ठेवा, आणि शेवटी पुन्हा अल्कोहोलने पुसा. काच पेरॉक्साइडमध्ये बुडवून ठेवू नका. दोन काचा चिकटवलेल्या असतील तर कडेने पाणी शिरतं. बुरशी आम्ल सोडते आणि ते कोटिंग खातं. पुसल्यावरही नक्षी तशीच दिसली तर कोटिंग गेलं. अशी लेन्स वापरता येते. फक्त उजेडासमोर तिचा कॉन्ट्रास्ट पडेल.

ठेवण्यासाठी रबरी कडेचा हवाबंद डबा घ्या, ५ लिटरच्या डब्यात ५० ते १०० ग्रॅम सिलिका जेल, आणि एक छोटा आर्द्रतामापक. आकडा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये ठेवा. ३०च्या खाली नेऊ नका, वंगण सुकतं. निळं जेल गुलाबी झालं की ११०-१२० अंशांवर दोनेक तास तापवून पुन्हा निळं करता येतं, पण त्यासाठीचं भांडं वेगळं ठेवा. निळ्या रंगात कोबाल्टचा क्षार असतो, ते भांडं स्वयंपाकाला वापरू नका. डबा कूलरच्या खोलीत नको. आणि मे महिन्यात लेन्स बंद गाडीत मुळीच ठेवू नका. तापलेल्या गाडीत आतलं वंगण पातळ होऊन ॲपर्चरच्या पात्यांवर उतरतं, आणि ऑटो ॲपर्चरची पाती मग चिकटून बसतात.

यशिकाच्या लेन्सवर आटे आहेत की खटक्याचं माउंट, तेही बघा. आटे असतील तर एम४२. खटक्याचं असेल तर काँटॅक्स-यशिका माउंट. दोन्हींचे ॲडॅप्टर वेगळे.

प्रश्न : पेंटॅक्सच्या सुपर टाकुमार ५० मिमी एफ/१.४ची काच चहासारखी पिवळी पडली आहे. ती किरणोत्सारी असते असं ऐकलं. घरात लहान मुलं आहेत, ठेवू की देऊन टाकू?
— त्रिमूर्तीनगर, नागपूर

उत्तर : ठेवा. सात काचांच्या सुपर टाकुमार ५० एफ/१.४मध्ये आणि तिच्या पुढच्या मल्टी-कोटेड आवृत्त्यांमध्ये थोरियम मिसळलेली काच आहे. थोरियममुळे काचेचा अपवर्तनांक वाढतो, म्हणून त्या काळी अनेक कंपन्या ती वापरत. सुरुवातीच्या आठ काचांच्या आवृत्तीत थोरियम नाही. बाहेर पडणारे बहुतेक अल्फा कण काचेतच अडतात. जे थोडं बाहेर येतं ते अंतराबरोबर झपाट्याने कमी होतं. कॅमेऱ्यावर लावून फोटो काढण्यात काळजीचं काही नाही. लेन्स उशाशी ठेवू नका, तिच्या मागच्या काचेतून डोळा लावून भिंगासारखं पाहू नका, आणि काच कधी फुटली किंवा घासली गेली तर त्या पुडीला हात लावू नका. मुलांच्या हाती खेळायला द्यायची वस्तू ती एरवीही नाही.

पिवळेपणा थोरियमच्याच किरणांनी काचेत आलेला आहे. अतिनील प्रकाशाने तो बराचसा जातो. ३६५ ते ३९५ नॅनोमीटरचा यूव्ही एलईडी दिवा मागच्या काचेवर काही दिवस ते दोन आठवडे ठेवा, वरून खोका झाका, दिव्याकडे थेट पाहू नका. खिडकीतल्या उन्हानेही होतं, पण वेळ लागतो. उन्हाचा उपाय डिसेंबर-जानेवारीत करा. नागपूरच्या मे महिन्यातल्या उन्हात पिवळेपणा जाईल आणि वंगणही वितळेल. घाई असेल तर रॉ फाइलमध्ये व्हाइट बॅलन्स बदलूनही रंग जुळतो, फक्त थोडा प्रकाश वाया जातो.

प्रश्न : मारबतीच्या मिरवणुकीत २८ मिमीची जुनी मॅन्युअल लेन्स वापरायची आहे. एवढ्या गर्दीत फोकस करायला वेळ कुठे मिळणार? लेन्सवरच्या खुणांवर भरवसा ठेवू का?
— इतवारी, नागपूर

उत्तर : पद्धत बरोबर, खुणांवर भरवसा नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी-महालच्या गल्ल्यांत काळी आणि पिवळी मारबत निघते तेव्हा माणसं तुमच्यापासून दीड ते पाच मीटरवर असतात. तिथे प्रत्येक फोटोला फोकस करण्यापेक्षा फोकस आधीच लावून ठेवणं केव्हाही बरं. फुल फ्रेमवर २८ मिमी, एफ/८, फोकस २.५ मीटरवर ठेवला तर साधारण १.४ मीटरपासून १० मीटरपर्यंत सगळं स्पष्ट येतं. एपीएस-सीवर हाच आवाका मिळवायला एफ/११ लागतं. तिथे १.५ मीटर ते ८ मीटर मिळतात. मोठी प्रिंट काढणार असाल तर दोन्हीकडे ॲपर्चर अजून एक स्टॉप (एक टप्पा) बंद करा.

आता खुणा. ॲडॅप्टर मुद्दाम थोडा पातळ केलेला असतो हे वर आलंच आहे. तो फक्त ०.१ मिमी पातळ असला तरी ५० मिमीच्या लेन्सवर खरी इन्फिनिटी २५ मीटरच्या खुणेवर येते, आणि २८ मिमीवर ती ८ मीटरच्या खुणेवर! वाइड लेन्सवर चूक इतकी वाढते की छापील २.५च्या खुणेवर रिंग ठेवली तर खरा फोकस साडेतीन मीटरच्याही पुढे लागतो. म्हणून स्वतःची खूण करा. कॅमेऱ्याच्या वर एक वर्तुळ आणि त्यातून गेलेली रेघ छापलेली असते, ती सेन्सरची जागा. तिथून टेपने २.५ मीटर मोजून भिंतीवर वर्तमानपत्र लावा. कॅमेरा तिपाईवर, लेन्स पूर्ण उघडी, चित्र जास्तीत जास्त मोठं करून अक्षरं फोकस करा. रिंगवर आणि लेन्सच्या स्थिर भागावर पांढऱ्या चिकटपट्टीचे दोन बारीक तुकडे समोरासमोर लावा. ॲडॅप्टर बदलला तर खूणही बदलते.

मिरवणुकीत एम मोड, १/२५०, एफ/८, ऑटो आयएसओला ३२०० ही वरची मर्यादा. ढगाळ दिवशी मोकळ्या रस्त्यावर आयएसओ ४००च्या आसपास राहील, अरुंद गल्लीत ८०० ते १६००. रिंग गर्दीत धक्क्याने सरकते. खुणेवर आणल्यावर तिच्यावरून कागदी चिकटपट्टीचा एक वेढा द्या. ते दिवस पावसाचे असतात. जुन्या लेन्सला आणि ॲडॅप्टरला पाणी अडवणारं रबर नसतं. ॲडॅप्टरच्या दोन्ही सांध्यांवर प्लॅस्टिकची पिशवी रबरबँडने बांधा, आणि घरी आल्यावर लेन्स लगेच डब्यात न टाकता आधी पंख्याखाली वाळू द्या.

प्रश्न : ५०० मिमी एफ/८ची मिरर लेन्स (आत आरसे असलेली) स्वस्तात मिळते आहे. पेंच-ताडोबासाठी घ्यावी का?
— रामटेक

उत्तर : वाघासाठी नको. एपीएस-सीवर ती ७५० मिमीसारखी होते. हातात धरून १/१००० हवं, ॲपर्चर एफ/८ला पक्कं, बदलता येत नाही. सकाळच्या पहिल्या तासात झाडाच्या सावलीतल्या वाघाला आयएसओ १२८००च्या आसपास जावं लागतं. मधल्या आरशामुळे खरा प्रकाश एफ/८पेक्षाही कमी पोचतो. ३० मीटरवर स्पष्टतेची खोली जेमतेम मीटरभर असते, आणि तेवढ्यात हलत्या प्राण्यावर हाताने फोकस लागणं अवघड. मागच्या पानांचे ठिपके कड्यांसारखे गोल दिसतात, तेही लक्ष वेधून घेतात. चंद्रासाठी किंवा तिपाईवरून तलावातल्या पक्ष्यांसाठी, भर उजेडात, ती ठीक आहे. जंगलात नेलीच तर फोटोच्या वेळी जिप्सीचं इंजिन बंद करायला सांगा आणि लेन्स बीनबॅगवर टेकवा.

प्रश्न : यशिका इलेक्ट्रो ३५ची लेन्स काढून डिजिटलवर लावता येईल का?
— जरीपटका, नागपूर

उत्तर : काढू नका. तिची ४५ मिमी एफ/१.७ लेन्स बदलण्यासाठी बनवलेलीच नाही, शटर लेन्सच्या आतच आहे आणि ते विजेवर चालतं. काढायची तर कॅमेरा मोडावा लागतो, वर फोकसची यंत्रणा नव्याने घडवावी लागते. त्यापेक्षा तो कॅमेरा फिल्मवर चालवा. मूळची ५.६ व्होल्टची बॅटरी मिळत नसली तरी तिच्या जागी ६ व्होल्टची छोटी बॅटरी आणि पोकळी भरणारा ॲडॅप्टर चालतो. बॅटरी नसली तर शटर १/५००वरच चालतं, म्हणजे भर उन्हात तेवढंही पुरतं.

प्रश्न : जुना फ्लॅश नव्या कॅमेऱ्यावर लावू का?
— हिंगणा

उत्तर : मोजल्याशिवाय नाही. काही जुन्या फ्लॅशच्या टोकांवर २०० व्होल्टपेक्षा जास्त दाब असतो. फ्लॅश पूर्ण चार्ज करा, मल्टिमीटर ६०० किंवा १००० व्होल्ट डीसीवर ठेवा, एक टोक फ्लॅशच्या बुटाच्या (कॅमेऱ्यावर सरकवायच्या भागाच्या) मधल्या पिनेला, दुसरं बुटाच्या बाजूच्या धातूला लावा. आकडा २४च्या आत असेल तर लावा. जास्त असेल तर आपल्या कॅमेऱ्याच्या पुस्तिकेतली मर्यादा बघा, आणि ती सापडली नाही तर तो फ्लॅश कॅमेऱ्यावर लावूच नका. रेडिओ ट्रिगरही त्याच दाबाने जळू शकतो.

प्रश्न : फोटोच्या माहितीत लेन्सचं नाव आणि ॲपर्चर येत नाही. नंतर कळणार कसं?
— सदर, नागपूर

उत्तर : कॅमेरा ते लिहू शकत नाही. लेन्स बदलताना प्रत्येक वेळी कागदावर लेन्सचं नाव आणि वेळ लिहून त्या कागदाचाच एक फोटो काढा. कार्डावर तो पुढच्या फोटोंच्या आधी येतो आणि वर्गवारी आपोआप होते. संगणकावर फुकट मिळणाऱ्या एक्झिफटूलने एका फोल्डरमधल्या सगळ्या फाइलींत लेन्स आणि फोकल लांबी एकदम भरता येते. आधी फाइलींची प्रत काढून ठेवा. ॲपर्चर मात्र प्रत्येक फोटोचं वेगळं असतं. ते लागणारच असेल तर त्या दिवशी एकाच आकड्यावर काम करा, किंवा बदल केलात की त्याच कागदावर लिहा.